लिंक फेल

आरक्षणाच्या खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवलेल्या पाठकोऱ्या कागदावरील ‘लिंक फेल आहे’ ही अक्षरे अंबरनाथ-बदलापूरकडच्या ज्या पिढीने पहाटेपासून रांगेत उभे राहून वाचली, त्या पिढीला त्यांचा अर्थ विचारला, तर ‘आज काम होणार नाही’ एवढाच ती सांगेल. आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तो अर्थ पुरेसाही आहे. बँकेच्या काउंटरवर, विमा कार्यालयात, सरकारी कचेरीत, जेथे जेथे दूरच्या यंत्राशी बोलणारा पडदा येऊन बसला, तेथे तेथे हा शब्दप्रयोग पोहोचला आणि मराठीत असा मुरला की आज त्याला कोणी परका म्हणणार नाही. परंतु ती पाटी उतरवण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले होते, त्यांच्या लेखी ‘लिंक’ नावाची एकच एक वस्तू अस्तित्वात नव्हती. खिडकीतल्या पडद्यापासून मुंबईतील वातानुकूलित दालनातल्या यंत्रापर्यंत आठ-दहा सांधे असत, प्रत्येक सांध्याचा धनी निराळा असे, आणि त्यांपैकी नेमका कोणता सांधा निखळला हे, तिकडे रांग खवळत असताना, फोनवरून, न दिसणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून ठरवावे लागे. हा एक पुरा व्यवसाय होता. तो करणारी पुष्कळ माणसे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत राहत होती, आणि त्यांतलाच एक या नात्याने त्या व्यवसायाची हकीकत मी येथे नोंदवीत आहे.

या गावांचा लौकिक अर्थातच निराळ्या गोष्टींवर उभा आहे. अंबरनाथचे शिवालय शके 982 च्या शिलालेखामुळे शिलाहारांच्या इतिहासात कायमचे स्थान मिळवून बसले आहे. उल्हासनगर हे कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत, फाळणीने उखडलेल्या सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांना वसवून निर्माण झाले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली, आणि तेथले पत्ते अद्यापि ‘कॅम्प नंबर चार’ अशा छावणीच्या भाषेतच सांगितले जातात. बदलापूरच्या नावाची व्युत्पत्ती गावातले लोक अशी सांगतात की, घाटाकडे जाणारे स्वार येथे मुक्काम करून दमलेले घोडे बदलीत, ताजे घोडे घेत आणि पुढे निघत, म्हणून हे बदलापूर. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला हे कितपत उतरेल ते उतरो; मला मात्र या लोककथेचा पुढे एका अगदी निराळ्या संदर्भात उपयोग झाला, आणि तो मी यथास्थळी सांगेन.

या तिन्ही गावांना बांधणारी वस्तू म्हणजे रेल्वे. 1854 साली गाडी कल्याणला आली, 1856 साली बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली, आणि 1929 साली कल्याण-पुणे मार्गावर विजेची तार आली. रुळांबरोबर तारायंत्राचे खांब आले, आणि खांबांबरोबर तार कोठे तुटली ते शोधणारा माणूसही आला. त्याची रीत साधी होती. एका स्थानकावरून पुढच्या स्थानकाला हाक द्यावयाची. उत्तर आले तर तेथवरची तार धड, मग त्याच्या पुढच्याला हाक द्यावयाची. जेथे उत्तर येईनासे होते, त्याच्या अलीकडच्या टप्प्यात बिघाड. आम्ही संगणकवाल्यांनी पुढे जे केले, ते मुळात हेच होते.

त्यानंतर कारखाने आले. अंबरनाथला विमकोची आगपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, पुढे औद्योगिक वसाहत. शहाडला सेंच्युरी रेयॉन. उल्हासनगरच्या गल्ल्यागल्ल्यांतून यंत्रे उघडून जोडणाऱ्या छोट्या कार्यशाळा. या कारखान्यांनी गावाला तीन पाळ्यांचा दिवस शिकवला. पाळी सोडताना यंत्राची अवस्था नोंदवहीत लिहून, येणाऱ्याची सही घेऊन मगच फाटकाबाहेर पडावयाचे, हा शिरस्ता माझ्या वडिलांच्या पिढीच्या अंगात इतका भिनलेला होता की घरातला पंप बिघडला तरी त्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर टिपली जात असे. आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंना टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या, ज्यांच्या लाकडी जिन्यावरून संध्याकाळी खडखडाट ऐकू येई. सरकारी परीक्षेची तीसची गती, मग चाळीसची, असे करीत दहावी-बारावी झालेली मुले-मुली मुंबईच्या कचेऱ्यांत कारकून म्हणून जात. टर्मिनल आले, तेव्हा त्याच्या कळफलकावर बसण्यास ही बोटे तयारच होती.

मुंबईत मोठे संगणक येऊन तोवर बराच काळ लोटला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली स्वदेशी बनावटीचा टिफ्रॅक चालू झाला. 1961 साली एस्सो या तेल कंपनीने आयबीएमचे 1401 हे यंत्र आणले. 1964 साली टाटा संस्थेतच सीडीसी 3600 बसले. विमा महामंडळातील यंत्रीकरणाविरुद्ध कर्मचाऱ्यांचा संघर्ष पेटला तो याच दशकात, आणि त्याच वादाच्या पार्श्वभूमीवर नेमलेल्या समितीचा अहवाल प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1972 साली सादर झाला. आमच्या गाडीच्या डब्यात या विषयावर जे वाद होत ते मी लहानपणी ऐकले आहेत. यंत्र आले की माणूस जाणार, हे भय खोटे नव्हते. परंतु यंत्र आले की ते बिघडणार, आणि बिघडले की त्याच्यापाशी माणूस लागणार, ही बाजू त्या वादांत क्वचितच कोणी मांडी.

1978 साली परकीय चलन नियमन कायद्याच्या अटी अमान्य करून आयबीएमने भारतातील आपला कारभार आटोपला, आणि देशभर विखुरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. या घटनेचे महत्त्व माझ्या मते पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्याने यंत्र घडवले तोच देशातून निघून गेल्यावर, सुटा भाग सहजी मिळत नाही, तज्ज्ञ बोलावता येत नाही, अशा स्थितीत ती यंत्रे वर्षानुवर्षे चालवीत राहण्याची जबाबदारी येथल्या अभियंत्यांवर पडली. बिघाड म्हणजे भाग बदलणे नव्हे, बिघाड म्हणजे आधी विचार करणे, ही शिस्त त्या अवघड वर्षांत रुजली आणि पुढच्या दोन पिढ्यांना पुरली. पुढे याच सीएमसीने 1986 च्या सुमारास मोठ्या शहरांतील मेनफ्रेम यंत्रे जोडणारे इंडोनेट हे जाळे उभारले, आणि रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची पहिली प्रणालीही तिनेच घडवली.

आरक्षणाच्या खिडकीचे पूर्वरूप आठवणारे लोक अजून आहेत. प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची जाड वही. तिच्यात हाताने लिहिलेली नावे. मधल्या स्थानकांना वाटून दिलेला कोटा. आणि परतीच्या जागेसाठी पाठवलेली तार, जिचे उत्तर येईपर्यंत प्रवासाचा दिवस उजाडे. बदलापूरच्या माणसाला लांबच्या गाडीचे आरक्षण करावयाचे तर कल्याणला नाही तर थेट व्हीटीला जावे लागे आणि त्यात दिवस मोडे. 1985 साली नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ झाला. पुढील काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथे तशीच केंद्रे उभी राहिली. रेल्वेच्या क्रिस या संस्थेने घडवलेली कॉन्सर्ट ही नवी प्रणाली 1994 साली सिकंदराबादेस चालू झाली. आणि 1999 साली पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. ही यंत्रे डिजिटल इक्विपमेंट कंपनीची व्हॅक्स जातीची होती. शास्त्रशुद्ध अर्थाने त्यांना मेनफ्रेम म्हणता येणार नाही, तथापि टर्मिनलचा न्याय तोच होता: सारी बुद्धी मुंबईला, आणि खिडकीत केवळ एक पडदा, एक कळफलक व खडखडणारे छपाईयंत्राचे डोके.

कल्याणच्या पुढच्या उपनगरी स्थानकांवर अशा खिडक्या उघडल्या, तेव्हा त्या पडद्यांचे बोलणे भाड्याने घेतलेल्या तांब्याच्या तारेवरून, मोडेममधून, मुंबईला जाई. मोडेमच्या दर्शनी भागावर बारीक दिव्यांची ओळ असे, आणि तिच्यातला ‘सीडी’ अक्षरांखालचा दिवा हा आम्हांसाठी नाडीच्या ठिकाणी होता. तो लागलेला असेल तर पलीकडच्या मोडेमचा आवाज येथवर पोहोचतो आहे, तार शाबूत आहे, दोष अन्यत्र शोधा. तो विझला असेल तर यंत्राच्या दालनात शिरण्याची गरजच नाही, टेलिफोन खात्याला फोन लावा. मध्येच लागतो, मध्येच विझतो, ही अवस्था सर्वांत वाईट, कारण अशा वेळी दोन्ही खाती आपापली वस्तू ठीक असल्याचे शपथेवर सांगत आणि दोघेही खरेच बोलत असत. तेव्हा ‘लूप टाका’ असे सांगितले जाई. जवळच्या मोडेमवर लूप टाकला म्हणजे आपण पाठवलेले आपल्याकडेच परत येते. आले तर येथवर ठीक. मग पलीकडच्या मोडेमवर लूप. तेथूनही परत आले तर तार निर्दोष. तारायंत्राचा माणूस स्थानकास्थानकाला हाक देत जाई, ती हीच रीत.

पावसाळ्यात आमच्या भागातल्या तारा विशेष त्रास देत. जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरे, आणि मोडेम एकमेकांची भाषा पुन्हा पुन्हा जुळवून पाहण्यात मिनिटेच्या मिनिटे घालवीत. 26 जुलै 2005 रोजी उल्हास नदी गावांत शिरली, तेव्हा तर लोहमार्ग, तार, वीज, सारेच एका वेळी गेले. मुंबईत रात्रपाळीला असलेली आमच्याकडची माणसे घरच्यांची खबर नसताना यंत्राच्या दालनातच राहिली, आणि जे सांधे शाबूत होते ते चालवीत राहिली.

आता मी ज्या यंत्राशी आयुष्य काढले, त्या खऱ्या मेनफ्रेमकडे वळतो. आयबीएमने 1971 साली 3270 ही पडद्यांची मालिका काढली आणि 1974 साली एसएनए ही जाळ्याची रचना जाहीर केली. पडद्यावर चोवीस ओळी, दर ओळीत ऐंशी घरे, म्हणजे एकूण 1920 अक्षरे. व्हॅक्सच्या पडद्याहून हिची प्रकृती मूलतः भिन्न. तेथे दाबलेले प्रत्येक अक्षर मुंबईला जाऊन परत येई आणि मग पडद्यावर उमटे, त्यामुळे तार तुटली की कळ दाबताक्षणी कळे. 3270 चा पडदा मात्र सारा अर्ज आपल्यापाशीच भरून घेई आणि एंटर दाबल्यावरच एकगठ्ठा पाठवी. परिणामी, दूर काहीतरी तुटून पंधरा मिनिटे झाली तरी कारकून निश्चिंतपणे आकडे भरीत बसलेला असे. यास्तव आमच्यातल्या जुन्या माणसाचा पहिला धडा हा की, तक्रारीची वेळ ही बिघाडाची वेळ समजू नये. बिघाड तिच्या अगोदर केव्हा झाला हे विचारून काढावे.

दुसरा धडा पडद्याच्या तळाच्या ओळीचा. त्या ओळीच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानशी खूण असे, जिच्याकडे वापरणारे लोक वर्षानुवर्षे पाहत नसत. तेथे भरीव चौकोन असेल तर आपला पडदा आपल्या कामाच्या प्रोग्रामशी जोडलेला आहे. चौकोनातल्या माणसाची आकृती असेल तर तो यंत्राच्या दारापर्यंत, म्हणजे नियंत्रक प्रणालीपर्यंत, पोहोचला आहे, पण आत कोणाकडे जावयाचे ते अजून ठरलेले नाही. आणि प्रश्नचिन्ह असेल तर तो कोणाचाच नाही. एवढ्या एका खुणेवर निम्मा तपास होत असे.

“अहो, सिस्टिम हँग झालीये,” असे फोनवरून कळे.

“ताई, पडद्याच्या अगदी तळाला, डाव्या हाताला काय दिसतं ते सांगा.”

“कुठं? हां… माणसासारखं काहीतरी आहे.”

“मग हँग नाही झालेली. तुम्ही आत गेलाच नाही आहात. आता मी सांगतो ते टाइप करा.”

असे संवाद दिवसातून वीस-पंचवीस तरी होत. ज्याला आपण सेशन म्हणतो, ते सत्र म्हणजे एक अखंड वस्तू नसून एकावर एक बांधलेले करार आहेत: आधी नियंत्रक प्रणाली आणि जोडणी यांच्यातला, मग नियंत्रक प्रणाली आणि पडद्याचा पत्ता यांच्यातला, आणि सर्वांत शेवटी पडदा आणि प्रोग्राम यांच्यातला. वरचा करार मोडला तर खालचे टिकतात; खालचा मोडला तर वरचे सारे कोसळतात. कोणता मोडला हे ती खूण सांगे.

1990 नंतरच्या दशकात मूळचे पडदे जाऊन त्यांच्या जागी साधे पीसी आले, ज्यांच्यावर 3270 चे सोंग घेणारा एक प्रोग्राम चाले. पीसीची भाषा टीसीपी-आयपी, मेनफ्रेमची भाषा एसएनए. म्हणून दोहोंच्या मध्ये एक यंत्र बसवले गेले, त्याला गेटवे म्हणत. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांना गेटवे म्हणजे काय हे समजावून देताना मी बदलापूरची व्युत्पत्ती सांगत असे. स्वार तोच, त्याच्या पिशवीतला लखोटा तोच, परंतु येथवर आणणारा घोडा येथेच सोडावयाचा आणि पुढच्या घोड्यावर बसावयाचे. लखोटा पोहोचला नाही, तर तीन प्रश्न उरतात: येणारा घोडा मुक्कामाला पोहोचला काय, जाणारा घोडा तबेल्यात शिल्लक होता काय, आणि घोड्यांची अदलाबदल नोंदली गेली काय. बदलापूरच्याच दोन मुलांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना ते एका बैठकीत समजले. पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून त्याला आठवडा लागला असता.

गेटवेवर बिघाड शोधण्याचा क्रम ठरलेला असे, आणि तो मोडून पुढे उडी मारणाऱ्याचा वेळ फुकट जाई. एकाच पीसीला अडचण की साऱ्या मजल्याला? साऱ्या मजल्याला असेल तर गेटवे स्वतः मेनफ्रेमला दिसतो आहे काय? येथे एक ओळखक्रमांक लागे, तीन आकड्यांचा एक भाग आणि पाच आकड्यांचा दुसरा. दोन्ही बाजूंना तो तंतोतंत एकच असावा लागे, आणि एका आकड्याच्या चुकीपायी रविवारची अख्खी रात्र गेल्याचे माझ्या स्मरणात आहे. जोडणी चालू असेल तर पत्त्यांची यादी उघडावयाची. ‘इनॅक्टिव्ह’ म्हणजे मेनफ्रेमने तो पत्ता उघडलेलाच नाही. ‘पेंडिंग’ म्हणजे इकडून मागणी गेली आहे आणि तिकडून उत्तर नाही. ‘अव्हेलेबल’ म्हणजे रिकामा. ‘इन सेशन’ म्हणजे कोणीतरी वापरतो आहे. पेंडिंग दिसला की मेनफ्रेमच्या ऑपरेटरला फोन करून तो पत्ता एकदा बंद करून पुन्हा चालू करण्याची विनंती करावयाची. शंभरातले सत्तर मामले एवढ्यावर मिटत.

उरलेल्यांपैकी एकाची हकीकत सविस्तर सांगतो, कारण त्यात या व्यवसायाचे मर्म आहे. मी ज्या संस्थेच्या संगणक केंद्रात होतो, तेथे मार्च महिन्यात, वर्षअखेरीच्या कामासाठी, दिवसपाळीखेरीज संध्याकाळची मोठी पाळी लावली जाई. एका वर्षी या पाळीतून रोज तक्रार येऊ लागली की सव्वासहानंतर येणाऱ्यांना सेशन मिळत नाही. आधी आलेल्यांचे काम सुरळीत. शेवटचे वीस-पंचवीस लोक मात्र रिकाम्या पडद्यासमोर बसून राहत. रात्री साडेआठच्या सुमारास अडचण आपोआप मिटे. पहिल्या दिवशी आम्ही गेटवे बंद करून पुन्हा चालू केला, दोष गेला, आणि आम्हांला वाटले की सुटलो. दुसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी परत आला. जो दोष वेळ पाळतो, त्याच्यामागे यंत्र नसून बहुधा माणसाची सवय असते, असे आमचे पाळीप्रमुख म्हणाले, आणि त्यांनी मला यंत्रापाशी न बसता दालनात उभे राहण्यास सांगितले.

एका जोडणीवर 254 पत्ते, ही मर्यादा रचनेतच होती. सव्वासहा वाजता मी यादी उघडली: 254 पैकी 254 ‘इन सेशन’. मग दालनातून चालत जाऊन चालू पडद्यांसमोरची माणसे मोजली. ती शंभराच्या थोडी वर भरली. म्हणजे दीडशेच्या आसपास पत्ते कोणीही वापरीत नसून गुंतलेले होते. यादीतल्या नावांवरून पीसी शोधीत गेलो, तर त्यांतले कित्येक पीसी बंद होते. काही नुकतेच बंद झालेले, हात लावला तर अजून कोमट.

उलगडा दुसऱ्या दिवशी सहाला झाला. कचेरी सुटण्याची वेळ आणि बदलापूर लोकलची वेळ यांत इतके कमी अंतर होते की, ती चुकली तर पुढच्या कर्जत लोकलमध्ये पाय ठेवण्यास जागा मिळत नसे. ज्यांच्या घरी लहान मुले पाळणाघरात वाट पाहत होती, त्या बायका, आणि अंबरनाथ-उल्हासनगरचे आम्हां सर्वांचे सोबती, शेवटची नोंद झाली की प्रोग्राममधून रीतसर बाहेर न पडता टेबलाखालचे बटण दाबून निघत. पीसीचा प्राण एका क्षणात जाई, आणि गेटवेला निरोप देण्यास तो जिवंत राहत नसे. गेटवे बिचारा पलीकडे कोणी आहे असे समजून पत्ता राखून ठेवी. पलीकडचा जिवंत आहे काय, हे तो आपणहून विचारी ते दोन तास शांतता राहिल्यानंतर. ती दोन तासांची मुदत त्या प्रणालीत मुळातच लिहिलेली होती. सहाला सुटलेल्यांचे पत्ते आठच्या पुढे मोकळे होत, आणि म्हणून साडेआठला दोष मिटे. वर्षाचे उरलेले अकरा महिने संध्याकाळची पाळी लहान असे, त्यामुळे कोणाला काही कळलेच नाही.

उपाय दोन झाले. ती मुदत दोन तासांवरून काही मिनिटांवर आणली. आणि प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी लावली, जिच्यात दोष कोणाच्याही माथी न मारता, आपण बटण दाबल्यावर आपल्यानंतर येणाऱ्याला जागा मिळत नाही, एवढेच लिहिले होते. ती चिठ्ठी आमच्या पाळीप्रमुखांनी स्वतः, सुवाच्य अक्षरात, लिहिली. तिचा परिणाम मुदत बदलण्याइतकाच झाला, हे मी जबाबदारीने सांगतो.

ही सारी हकीकत मला आज तारीखवार सांगता येते, कारण ती रोजनाम्यात लिहिलेली होती. वेळ, पडद्याचा क्रमांक, तळाच्या ओळीतली खूण, कोणाला फोन केला, त्याने काय सांगितले, काय केल्यावर चालू झाले, आणि पुन्हा किती वाजता: सात रकाने, हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही, पाळी संपताना दोन सह्या. कारखान्याच्या पाळीतून आलेला हा शिरस्ता होता, आणि आमच्याकडच्या मुलांना तो शिकवावा लागत नसे. 1998-99 मध्ये सन 2000 च्या तारखेच्या संकटापायी जुन्या कोबोल प्रोग्रामांच्या दुरुस्तीची लाट आली, तेव्हा या तिन्ही गावांतले पुष्कळ तरुण सीप्झला, आणि तेथून परदेशी गेले. त्यांतल्या कित्येकांनी आपल्याबरोबर तांत्रिक प्रमाणपत्रांपेक्षा अशा वहीची सवय नेली.

आता तांब्याची तार जाऊन काचतंतू आले, मोडेमचे दिवे गेले. एसएनएच्या पोटातले करार टीएन 3270 च्या वेष्टनात गुंडाळून आयपीवरूनच चालतात. आणि 3 ऑगस्ट 2002 रोजी रेल्वेने संगणकजाळ्यावरून तिकीट देण्यास आरंभ केल्यापासून खिडकीची रांगही ओसरत गेली. मेनफ्रेम मात्र गेलेली नाही. जगातल्या मोठ्या बँकांचे हिशेब अद्यापि तिच्यावर चालतात, आणि चोवीस ओळी, ऐंशी घरांचा पडदाही. नवीन व्यवस्थेत बिघाडाची नोंद यंत्रच करते, अफाट प्रमाणात करते, आणि मुदत संपली की तीच पुसून टाकते. त्या नोंदींत काय घडले हे असते. कोणाला काय विचारल्यावर उलगडा झाला, हे नसते.

म्हणून या भागातल्या माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या डायऱ्यांच्या गठ्ठ्यात आपल्या हाताने उतरवून ठेवलेल्या खुणा, बिघाडाचे कारण सांगणाऱ्या सेन्स कोडच्या याद्या, मोडेमच्या दिव्यांचे अर्थ, रात्रपाळीच्या टिपा पडून आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण माझ्याही माळ्यावर त्या आहेत. संस्थेचे गोपनीय असे जे काही असेल ते वगळा, ग्राहकांची नावे असतील ती खोडा, आणि उरलेले रद्दीत घालू नका. बदलापूरचे ग्रंथसखा वाचनालय दुर्मीळ मराठी ग्रंथांच्या जतनासाठी महाराष्ट्रभर ओळखले जाते. अशा एखाद्या ग्रंथालयात, नाही तर गावातल्या नगरवाचनालयात, त्या वह्या नेऊन द्या, आणि देताना पहिल्या पानावर आपण कोणत्या साली, कोणत्या पाळीत, कोणत्या यंत्रापाशी होतो एवढे अवश्य लिहा. माझ्या तीन वह्या या दिवाळीपूर्वी मी नेऊन देणार आहे.